झाकणाच्या आतलं लातूर

माझ्या साखरपुड्यात नवरदेवाला घड्याळ द्यायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, नवंच आणा. बाबा कसले ऐकतायत! लातूरला बस स्टँडजवळ त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, हयात तिथंच गेलेली. जावयाला ते आपल्या हातचं देणार होते. भंगारात आलेलं एक जुनं घड्याळ त्यांनी महिनाभर बसून चालू केलं. आतला केसाएवढा बारीक दांडा तुटला होता. तो कुठंच मिळेना, म्हणून त्यांनी तो दुकानातल्या आपल्या छोट्या लेथ यंत्रावर घडवला.

साखरपुड्यात नवरदेवाच्या मामांनी, देगलूरच्या बड्या असामीनं, ते घड्याळ उजेडात धरलं. तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड' वाचलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अस्सल हाय! पार्ट न् पार्ट तिकडचा."

गप्प बसायला काय जात होतं? पण बाबांना ते सहन होईना. "न्हाई पाव्हणं. आतला दांडा लातूरचा हाय. म्या केलाय."

आईनं कपाळाला हात लावला. ठरलेलं लग्न एका दांड्यावरून मोडतंय की काय, असं मला वाटलं.

"म्हंजे डुप्लिकेट?" मामांचा चेहरा उतरला.

"डुप्लिकेट कसं? मशीन तिकडचं, जोडलं-तपासलं तिकडं, खर्चाचा ठरलेला वाटा तिकडं झाला, की ते नाव लावता येतंय. काच, काटे, पट्टा कुठलाबी असू शकतोय. आन् पुढं कुणी चालू ठेवलं, ते तबकडीवर नसतंय. ते आत असतंय."

एवढं बोलून त्यांनी खिशातून भिंग काढलं. लेकीच्या साखरपुड्यातसुद्धा! मागचं झाकण उघडलं. दुरुस्ती करणारा कारागीर झाकणाला आतून सुईनं खूण कोरून ठेवतो, पुढच्या कारागिरासाठी. तिथं तीन-चार परक्या खुणा होत्या. शेवटी बाबांची तारीख, आणि खाली 'लातूर'.

मामा भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडून बाबांपुढं धरलं. "ह्ये लई मागं पडतंय. बघता का जरा?"

सगळे हसले. मला मात्र रडू आलं. या माणसाची मी लेक, याचा एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

बाबांनी ते दुरुस्त करून त्याच्याही झाकणात आपली खूण कोरली. आता देगलूरला कुणी मामांच्या घड्याळाचं कौतुक केलं, की ते मनगटावरून काढून पालथं धरतात. झाकण बंद, दिसत काहीच नाही. तरी मामा सांगतात, "आत लातूर हाय."