स्ट्रेचर परत मिळेपर्यंत

मंगळवार, दहा फेब्रुवारी. जागा: कॅज्युअल्टीच्या मागची मीटिंगची खोली. हजर: रुग्णालयाचे अधीक्षक, नर्सिंगच्या प्रमुख, ॲम्ब्युलन्स पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर अण्णा. गैरहजर: ज्यांच्यामुळे मीटिंग भरली त्या आजी, कारण त्या वर हाडांच्या वॉर्डात होत्या, आणि त्यांचा मुलगा, ज्याने काढलेला व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी आधीच पाहिला होता.

मी या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागाची प्रमुख आहे. मीटिंगची टिपणं मीच काढते, कारण दुसरं कोणी नीट काढत नाही.

अण्णा म्हणजे माझा जुना पायलट. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणतात. डॉक्टर होण्याआधी नऊ वर्षं मी त्याच्या गाडीत मागे बसून पेशंट सांभाळले. त्याचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात आहे. मराठी घरापुरती उरलेली, तीही कानडीत भिजलेली. माझे वडील सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून इथे आले आणि आम्ही मल्लेश्वरममध्ये वाढलो. माझी मराठी ऐकून तो म्हणायचा की ही पेशंटला धीर देत नाही, बातम्या देते. मी त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणायचा.

त्या मीटिंगमध्ये तो मला मॅडम म्हणाला.

झालं होतं ते असं. आदल्या गुरुवारी दुपारी तो एका आजींना घेऊन आला. बाथरूममध्ये पडलेल्या, खुब्याचं हाड मोडल्याचा संशय. माझ्याकडे एकही बेड रिकामा नव्हता. मी आजींना तपासलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की यांना हलवू नका, बेड मिळेपर्यंत तुमच्याच स्ट्रेचरवर राहू द्या. अण्णाने मान डोलावली. दोन तास तो दाराशी उभा होता. मधे दोनदा आत डोकावला. दोन्ही वेळा मी "स्वल्प थांबा" म्हटलं आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले.

मग कंट्रोल रूमचा फोन आला. इंदिरानगरात स्कूटरचा अपघात, सगळ्यात जवळची गाडी हीच. गाडी होती, पण तिचं स्ट्रेचर आजींच्या अंगाखाली होतं. अण्णाने एका वॉर्डबॉयला हाताशी धरलं, चादरीची चार टोकं पकडली आणि आजींना नातेवाइकांच्या स्टीलच्या बाकावर उतरवलं. आजी जोरात ओरडल्या. मुलाने फोन वर धरला. अण्णा स्ट्रेचर घेऊन निघून गेला. व्हिडिओ फिरल्यावर कंत्राटदाराने चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं.

अपघातातला माणूस आमच्याकडे आला नाही, दुसरीकडे गेला. त्याचं काय झालं मला माहीत नाही. आजींचं हाड मोडलेलंच होतं. हलवल्यामुळे ते जास्त सरकलं का, हे एक्स-रेवरून सांगता येत नाही, कारण हलवण्याआधीचा एक्स-रे नाही. तो का नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बेड नसला की रुग्णालय पेशंटला परत पाठवत नाही, ॲम्ब्युलन्सच्याच स्ट्रेचरवर ठेवतं. कागदावर पेशंट दाखल. दाराशी गाडी अडकलेली. शहरात कुठेतरी कुणी गाडीची वाट बघत असतं आणि गाडी आमच्या आवारात उन्हात उभी असते. यावर गाडीवाल्यांचा उपाय एकच, आणि तो सगळ्या गाड्यांवर चालतो: पेशंट जरा बरा दिसला की त्याला बाकावर सरकवायचं आणि निघायचं. नवीन माणसाला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मलाही अण्णानेच शिकवलं होतं. कुणाला सरकवायचं नाही, हेही त्यानेच शिकवलं होतं, आणि मोडलेला खुबा त्या यादीत सगळ्यात वर होता. म्हणून मला त्याचा राग आला होता. अजूनही आहे.

मी डॉक्टरकीला गेले त्याचं कारण हे दारच. आत काय ठरतं ते बाहेर उभं राहून ऐकायचा मला कंटाळा आला होता. एकतिसाव्या वर्षी प्रवेश परीक्षा दिली. ड्यूटीच्या मधल्या वेळात अण्णा गाडी सावलीत लावायचा आणि मला अभ्यासाला बसवून कुणाला गाडीजवळ फिरकू द्यायचा नाही. सीट मिळाली तेव्हा त्याने आवारात सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला आणि मला बजावलं, "आत गेलीस की पहिलं आमची स्ट्रेचरं सोडव."

कॉलेजात पहिल्या दिवशी मुलं मला शिक्षिका समजून उठून उभी राहिली. मग अक्का म्हणू लागली, मग नोट्स मागू लागली. वॉर्डात प्राध्यापकांनी मी आधी काय करत होते ते विचारलं आणि म्हणाले की ते विसरलात तर बरं. मी विसरले नाही, बोलायची तेवढी थांबले. परीक्षेच्या दृष्टीने दोन्ही सारखंच होतं. इंटर्नशिपमध्ये जुने सहकारी पेशंट घेऊन यायचे. मी पांढऱ्या कोटात दिसले की त्यांचं आपसातलं हसणं बंद व्हायचं. पुढे मी इमर्जन्सी मेडिसिनच घेतलं, तेव्हा बरोबरीचे म्हणाले की इतकं शिकून परत दारातच का? मला वाटत होतं की दाराची किल्ली तिथेच असते.

तिथे ती नसते. बेड वर असतात. वरचा पेशंट सकाळपासून कपडे बदलून, पिशवी भरून घरी जायला बसलेला असतो, पण विमा कंपनीची मंजुरी आलेली नसते. काही बेड उद्याच्या ठरलेल्या ऑपरेशनसाठी धरलेले असतात. मी वर फोन करते, वरचे तासाभराने सांगतो म्हणतात. विभागप्रमुख म्हणून माझा अधिकार कुठपर्यंत, तर कुणाला थांबा म्हणायचं ते ठरवण्यापर्यंत.

मीटिंगमध्ये अधीक्षकांनी मला विचारलं, "तुम्ही पेशंटला हलवू नका असं सांगितलं होतं?"

"हो."

"मग डॉक्टर, तेवढंच लिहून द्या. एक परिच्छेद."

मी म्हटलं की हलवण्याआधी दोन तास अण्णा दाराशी उभे होते, तेही लिहावं लागेल.

"ते कुणी विचारलेलं नाही," अधीक्षक म्हणाले. आवाज चढवून नाही, समजुतीनेच.

नर्सिंगच्या प्रमुख टेबलाकडे बघत राहिल्या. कंत्राटदाराचा माणूस फोनवर काहीतरी टाइप करत होता. अण्णा खुर्चीवरून अर्धवट उठला आणि म्हणाला, "मॅडमनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. लिहून घ्या की." मग परत बसला.

मीटिंग संपल्यावर मी त्याला फाटकाबाहेर चहाला नेलं. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. पेला हातात आल्यावर मी बोलत सुटले. बेडचं सांगितलं, विम्याचं सांगितलं, ऑपरेशनसाठी धरलेल्या बेडचं सांगितलं, वर किती वेळा लेखी दिलं तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हे सगळं आपल्या वेळचा तो टकलू डॉक्टर पण सांगायचा की गं," तो म्हणाला. "आठवतो तुला? तो इंग्लिशमध्ये सांगायचा. आम्हाला कळायचं नाही, म्हणून राग कमी यायचा."

मी म्हटलं, "अण्णा, खुबा होता. तू हलवायला नको होतंस."

"नको होतं. सरी, मान्य. आणि तिकडे तो रस्त्यावर पडलेला, त्याला काय सांगायचं होतं? स्वल्प थांब?"

पेले ठेवून आम्ही उठलो. जाताना म्हणाला, "तुला काय लिहायचं ते लिही. मला गाडी परत दिली की झालं. दोन वर्षं राहिलीत, तेवढी गाडीवरच काढायची."

मी दोन परिच्छेद लिहिले. पहिल्यात मी काय सांगितलं ते, दुसऱ्यात तो किती वेळ आणि का उभा होता ते, बेडच्या कारणांसकट. अधीक्षकांच्या कार्यालयातून कागद परत आला: कृपया थोडक्यात. मी तोच पुन्हा पाठवला. या वेळी तो परत आला नाही. मला याबद्दल कुणी काही बोललं नाही, माझं काही बिघडलं नाही, आणि बेडही वाढले नाहीत. तीनही गोष्टी नोंदवून ठेवते.

निर्णय या शुक्रवारी आला. एकट्या पायलटवर ठपका ठेवता येत नाही, ताकीद देऊन कामावर घ्यावं, असं रुग्णालयाच्या चौकशी समितीने लिहिलं. मी लगेच कंत्राटदाराच्या माणसाला फोन लावला. तो हिंदीत अगदी अदबीने बोलला. म्हणाला की निर्णय वाचला, छान झालं. मात्र गाडी रिकामी ठेवता येत नव्हती म्हणून महादेवपुऱ्याकडचा एक पायलट घेतला आहे. अण्णांचा करार महिनाअखेर संपतो, तो पुढे वाढवायचा नाही असं वरून ठरलं आहे. याचा आणि त्या प्रकरणाचा काही संबंध नाही, असंही त्याने दोनदा सांगितलं. मी विचारलं की अण्णांना कळवलंत का. त्याने विचारलं, "आप तो उनको जानती हैं ना, मॅडम?"

मी जिथे जिथे बोलायचं तिथे बोलले. अधीक्षक म्हणाले की कंत्राटदाराची माणसं हा कंत्राटदाराचा प्रश्न.

काल अण्णाचा आवाजी निरोप आला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "काय गं अक्का, निकाल आला का? बायको म्हणती घरात बसून नुसती लुडबुड करतोस. लवकर काय ते सांग."

या आठवड्याची बाकीची कामं झाली आहेत. पाळ्यांचा तक्ता लागला, ऑक्सिजनच्या जोडण्या तपासून झाल्या, आजींना जाऊन भेटले, त्या काठीच्या आधाराने चार पावलं चालल्या. अण्णाला फोन करायचा आहे. आज रविवार, तो घरीच असणार. अजून केलेला नाही.