आत गेली

चाव्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'मौनीबाबा' म्हणायची. दिवसभर फुटपाथवर कानस घेऊन चावीचे दात घासत बसायचा आणि गिऱ्हाइकाला 'हं' आणि 'उद्या' एवढ्यावर वाटेला लावायचा. बायको म्हणायची, "जगाची कुलपं उघडतात, स्वतःच्या तोंडाचं तेवढं राहिलंय." त्याला ते पटायचं, पण तसं म्हणेल तर शपथ.

लेकीच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. जरा चालली की धाप लागायची, ओठ निळे पडायचे. लांबच्या एका इस्पितळात कुठलीशी संस्था अशा मुलांची ऑपरेशनं फुकट करायची, तिथे एकदाचा नंबर लागला. बायको नुकतीच बाळंत झालेली, म्हणून हा एकटाच लेकीला घेऊन आला. परक्या गावात हाक मारायला कुणी नाही, आणि ह्याला तर हाक मारायचीही सवय नाही.

डॉक्टरांनी समजावलं होतं, भोक बुजवायचं तर हृदय काही वेळ थांबवावं लागेल, तोवर त्याचं काम मशीन करेल. त्याने मुकाट मान डोलावली होती. पण ट्रॉली आत गेली, दार लागलं आणि त्याला भडभडून आलं. त्याने घरी फोन लावला. "गेली," एवढंच कसंबसं म्हणाला आणि बॅटरी संपली.

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं बऱ्याच वेळाने, बाकावर बसल्यावर. मेल्याने 'आत' एवढा एक शब्द वाचवला होता!

शेजारी बसलेल्या बाईंकडे त्याने फोन मागितला. तिकडे फोन उचलला शेजारच्या काकूंनी. "धीर धरा हो," म्हणून त्याच रडायला लागल्या. मागे बायकोचा हंबरडा ऐकू येत होता.

"काकू, तिला द्या फोन! अगं, आत गेली म्हणत होतो मी. ऑपरेशनला. आत!"

रडं थांबलं. "म्हणजे... आहे ना ती?"

तो गडबडला. त्या दाराआड कदाचित आत्ताच लेकीचं हृदय बंद असेल. ती आहे, हे कशाच्या जोरावर सांगायचं? विचारायचं तरी कुणाला? इतका एकटा तो आयुष्यात कधी पडला नव्हता.

"आहे," तो म्हणाला.

मग फोन ठेवायची त्याला भीतीच वाटली. बायकोने पुन्हा तेच विचारू नये म्हणून तो बोलत सुटला. आत जाताना लेकीने नर्सला काय बजावलं तेही सांगितलं: "बाबा आपणहून बोलत नाहीत, तुम्हीच बोला त्यांच्याशी." बायको रडता रडता हसली. बाजूच्या बाईंनी फोन परत मागितला नाही.

शेवटी दार उघडलं. फोन कानाला तसाच धरून तो नर्सच्या मागोमाग काचेपाशी गेला. पलीकडे नळ्यांच्या गुंत्यात लेक पडली होती.

"अहो, गप्प का झालात? अहो!"

"श्वास घेतेय," तो म्हणाला. "थांब जरा. बघू दे मला."