मुलीने पाठवलेल्या कॅप्सूल

बायको गेल्यावर मळवलीच्या घरात मी एकटाच उरलो. रेल्वेत कीमन होतो, रुळांच्या चाव्या तपासत नोकरीभर कडेने चाललो; पण निवृत्तीनंतर स्टेशनापर्यंत जातानाही दम लागू लागला. मधुमेह जुना होता. छातीत मात्र कधी दुखलं नाही, म्हणून वयाचाच भाग समजत राहिलो.

मुलगी बंगळुरूला नोकरी करते. तिने अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल पाठवायला सुरुवात केली. साखरेमुळे शरीर आतून गंजतं, हृदयही गंजतं आणि या कॅप्सूल तो गंज थांबवतात, असं तिने कुठंतरी वाचलं होतं. गंज म्हटल्यावर मला ते लगेच पटलं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. कॅप्सूल घेतली का, जेवणाआधी की नंतर, बाटली उन्हात तर ठेवली नाही ना. मी सगळं सांगायचो, जरा लांबवूनच. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं.

पावसाळा सरता सरता पाय सुजले. लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी इको केला. हृदयाचा स्नायू कमजोर झाला होता. साखरेने नसा बधिर होतात, म्हणून दुखणं जाणवलं नसेल, असं त्या म्हणाल्या. मी कॅप्सूलची बाटली पुढे केली. त्यांनी सांगितलं, प्रयोगात उंदरांना फायदा झालेला दिसतो, पण माणसाच्या हृदयाला होतो असं खात्रीने सांगता येत नाही. मी देते त्या गोळ्या मात्र चुकवू नका, असं त्यांनी समजावलं. मग सोबत कोण आलंय, विचारलं.

"पोरगी हाय की, भाईर बसलीय," मी म्हणालो. बाहेरचं बाकडं रिकामं होतं.

संध्याकाळी फोनवर मुलीला सगळं सांगितलं.

"मग आता मी काय पाठवू, आप्पा?"

तूच ये, असं ओठांवर आलं होतं. "काय नगं," म्हणालो, "समदं हितं मिळतंय."

त्यानंतर फोन रोज येईनासा झाला. आला तरी तब्येत विचारून संपायचा.

दिवाळीत ती आली. सूज उतरलेले माझे पाय बघून तिचे डोळे भरले. दवाखान्यातही सोबत आली. हृदय सुधारलं नव्हतं, पण आणखी बिघडलंही नव्हतं. जाताना तिला पुण्याच्या गाडीत बसवलं. गाडी गेल्यावर लगेच चालवेना, म्हणून प्लॅटफॉर्मवरच बसलो. पुढची गाडी आली, तीही गेली. मग हळूहळू घरी येऊन भाताला आधण ठेवलं.