पुण्याच्या वाटेवर दह्याचं मडकं

मुंबईहून पुण्याला जायचं तर मोटारीने जावं की आगगाडीने, हा प्रश्न हल्ली चहाच्या दुकानापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे चघळला जातो. मुंबईकर मोटारीचं कौतुक सांगतात, पुणेकर वेळापत्रकाची शपथ घेतात, आणि आम्ही कर्जतकडची माणसं दोन्हींच्या मधे बसून दोघांचा आवाज ऐकतो. मी दहिवलीचा निवृत्त शाळामास्तर. तीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, त्यामुळे चाकाचा आवाज कानावर पडला की बोटं आपोआप गण मोजू लागतात. पण या खेपेचा प्रवास हौसेचा नव्हता. परीक्षा घ्यायची होती, आणि परीक्षक होतं एक मातीचं मडकं.

आमची यमू पुण्याला दिलेली. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात तिला आगगाडीने माहेरी आणली आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून कर्जतच्या स्टेशनातली शिट्टी ऐकू आली की यमूची आई उठून खिडकी लावून घेई. घाटातल्या हिसक्यांनीच घात केला, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि तिकीट काढणारा मी होतो.

यंदा पुन्हा सहावा लागला. जावईबापूंचं पत्र आलं, ओळखीच्या गृहस्थांची मोटार आहे, तिनेच पाठवतो.

"मोटारीला हिसके नसतात का हो?" घरातून विचारणा झाली.

"मला काय ठाऊक? मी बसलोय कुठे!"

"मग बसून या." ती आत गेली आणि विरजणाची वाटी, एक मडकं आणि फडकं घेऊन बाहेर आली. "रात्री दही लावायचं, सकाळी मांडीवर घेऊन बसायचं. जाताना मोटार, येताना आगगाडी. ज्या वाटेने दही फुटून पाणी सुटेल, त्या वाटेने माझी पोर येणार नाही. मग ती वाट राजाची का असेना."

मार्गशीर्षातली कोरडी हवा होती, भात झोडून झालं होतं. आपल्याला या भागात यायचं असेल तर हेच दिवस बरे. कर्जतहून खोपोलीला जाणारी छोटी फाट्याची आगगाडी पावसाळ्यात बंद असते, हे आधी ध्यानात ठेवा. मी तिनेच खोपोलीला उतरलो आणि टांग्याने मागे खालापूरला आलो. हा उलटा फेरा मुद्दाम. मुंबईची मोटार पनवेल, चौक, खालापूर करत येते आणि खोपोलीला पोचेपर्यंत गच्च भरते. खालापुरात चढलात तर निदान बसायला मिळतं. भाडं मात्र ठरवूनच बसा. घाट समोर दिसू लागला की ते वाढतं.

खालापुरात माझा जुना विद्यार्थी बापू कचेरीत कारकून आहे. मडकं पाहून तो हसत सुटला.

"मास्तर, शाळेत आमच्या डोक्याचं दही केलंत, आता खरंखुरं लावायला आलात?"

"तुझ्या डोक्याला कधी विरजणच लागलं नाही," मी म्हटलं. त्याच्या बायकोने मात्र एक प्रश्न न विचारता म्हशीचं दूध तापवलं, कोमट केलं आणि मडकं चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी दही असं लागलं होतं की वर बोट ठेवावंसं वाटू नये.

मोटारीचा ड्रायव्हर उस्मान. मी फडकं बांधलेलं मडकं दोन्ही हातांनी पोटाशी धरून चढलो, तशी आतली बोलणी एकदम थांबली. शेजारच्या म्हातारबुवांनी टोपी काढली आणि अंग चोरून मला ऐसपैस जागा दिली. दोन मैल गेल्यावर हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कुठे?"

"नाही, म्हणजे... अस्थी कोणाच्या?"

"अहो, दही आहे!"

सगळी मोटार हसली. उस्मान तर इतका हसला की मला चाकाची काळजी वाटली. मी मात्र मडकं आणखी घट्ट धरलं.

खोपोलीहून घाट लागतो. डावी-उजवी करत रस्ता अंगावर येतो आणि वळणं अशी की मागचं चाक पुढच्याची वाट सोडून स्वतःची कविता रचतं. एका वळणावर इंजिन तापलं. उस्मानने उतरून चाकाखाली धोंडा लावला, डबा घेऊन झऱ्यावर गेला. आपण या वाटेने याल तेव्हा हे होणारच असं धरून चाला, चिडू नका, उतरून खाली बघा. डोंगरावरून विजेच्या कारखान्याचे जाडजूड नळ खोपोलीत उतरताना दिसतात. तळ्यातलं पाणी त्यांतून खाली येतं आणि त्याची वीज होते, असं उस्मानने सांगितलं. पाण्याचा उजेड कसा होत असेल, याचा विचार करत मी उभा राहिलो. मुलांना शिकवताना नदीला दिलेली सगळी विशेषणं आठवली. त्यांत हे एकही नव्हतं.

"मास्तरजी, बैठो. आणि मटकी सीधी पकडा, आता मोठा मोड आहे."

"हळू घे रे बाबा."

"हळू घेतली तर चढत नाय. जोरात घेतली तर तुमचं दही उडतं. बोला, काय करू?"

लोणावळ्याला चहा झाला. मळमळत असेल तर तिथे फक्त चहाच घ्या, चिक्की पिशवीत ठेवा. जवळ आवळासुपारी असू द्या. पुढचा रस्ता सरळ आहे, पण धूळ इतकी की पुण्यात उतरलो तेव्हा यमूने आधी मला झटकलं, मग नमस्कार केला.

"अण्णा, आईने तुम्हाला दही घेऊन पाठवलं? पुण्यात म्हशी नाहीत का?"

मी सगळं सांगितलं. तिचं हसू हळूहळू कमी झालं. आम्ही दोघांनी मिळून फडकं सोडलं. दही एका कडेला चिरलं होतं आणि चिरेत चमचाभर पाणी साचलं होतं.

"मोटार नापास," मी म्हटलं. जावईबापूंना ते पटलं नाही. चमचाभर पाण्याला कोण विचारतं, असा त्यांचा सूर. यमू मात्र मडक्यात बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, त्या वेळी मी गाडीतून कर्जतला उतरले तेव्हा चांगली होते हो. उलट भूक लागली होती."

माझं मन राखायला बोलते आहे, असं मला वाटलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विषय बदलला.

दोन दिवसांनी यमूने लावलेलं दही घेऊन सकाळच्या आगगाडीत बसलो. तिसऱ्या वर्गात बसायचं असेल तर अर्धा तास आधी या आणि उजवी खिडकी धरा. घाट उतरताना दरीपलीकडे राजमाची दिसते. सामान बाकाखाली सरकवा, प्यायचं पाणी स्वतःचं घ्या. घाटातला जुना प्रकार आता राहिला नाही. पूर्वी मधेच गाडी थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावत, प्रत्येक जोडणीला डबा पाठीत बुक्की मारल्यासारखा हले. बोगद्यात धूर कोंडे आणि धोतराची काळी कड रुंद होई. मला तो धूरही आवडायचा, हे खरं सांगतो. आता विजेचं इंजिन. सपाटीवर गाडी भुजंगप्रयातात धावली, लगागा लगागा, एक मात्रा चुकली नाही. घाटात मंदाक्रांतेसारखी जपून पाय टाकत उतरली. ही चाल खोपोलीकडच्या पाण्यासारख्याच कुठल्यातरी पाण्याची, असं मनात आलं आणि मी खिडकीबाहेर ओहळ शोधू लागलो.

समोरच्या बाई म्हणाल्या, "दही आहे का? आमच्याकडे पोळ्या आहेत."

"हे खायचं नाही."

"मग काय पुजायचं?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

कर्जतच्या फलाटावर धर्मा उभा होता. धर्मा आमचा शेजारी, जमीन थोडी, बैल देखणे. माणूस असा की आपण न सांगता गाडीत पेंढा अंथरून आणतो. मी फलाटावरच फडकं सोडलं. दही अखंड! पौर्णिमेचा चंद्र जसाच्या तसा.

"बघ धर्मा, आगगाडी पास!"

"पास तर पास. बसा, मास्तर. लय चांगलं झालं."

दहिवलीला यायचं तर मधे नदी आहे. चालणाऱ्यांना लाकडी साकव, गाड्यांना खालून पाण्यातली दगडगोट्यांची वाट. बैलगाडी म्हणजे निव्वळ गद्य, असं मी मुलांना गमतीने सांगत असे. त्या दिवशी ते गद्यही मला गोड लागलं. मडकं पेंढ्यात ठेवून मी धर्माला विजेच्या इंजिनाबद्दल सांगत राहिलो. पाण्यात चाक दगडावर चढलं, धाडकन उतरलं, पुन्हा चढलं. मी गाडीची कड धरली आणि बोलणं चालू ठेवलं. परीक्षा स्टेशनावरच संपली होती, असं माझं मत.

दारात यमूच्या आईने मडकं घेतलं, फडकं सोडलं आणि माझ्यापुढे धरलं. पाणीच पाणी. त्यात फुटलेल्या दह्याची ढेकळं.

"स्टेशनावर चांगलं होतं," मी म्हटलं. "मी स्वतः पाहिलं. धर्मानेही..."

आणि तिथेच थांबलो. यमूचे शब्द आत्ता कुठे ऐकू आले. उतरले तेव्हा चांगली होते. भूक लागली होती.

धर्मा बैल सोडत होता. त्याचा हात जुवावर थांबला. "मास्तर, मागल्या टायमाला ताईला मीच आनली हुती. ह्याच गाडीतून."

"गाडी पाठवली मी होती, धर्मा. चालायला नको म्हणून."

"पेंढा दुप्पट टाकला हुता वो मी."

वर्षभर जिने शिट्टीवर खिडकी लावून घेतली, ती मडक्याकडे बघत उभी होती. मला वाटलं, आता रडेल किंवा आम्हा दोघांना बोलेल. तिने पदराने मडक्याची कड पुसली. "आत या दोघं," ती म्हणाली. "ताक करते याचं."

आम्ही ते ताक प्यालो.

मोळी विकायला येणारी हिरी ठाकरीण ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मास्तरीनबाय, गाडी कशाला नि मोटार कशाला? ठेसनातून चालवा की पोरीला. सावलीसावलीनं, बसतउठत. आमी पोटुशा असून डोंगर उतरतो, आमाला कोन गाडी देतं?"

तसंच केलं. पौषात यमू आगगाडीने आली आणि कर्जतपासून आईचा हात धरून चालत निघाली. मैलभर वाटेला सकाळ गेली. तीन झाडांखाली बसणं झालं, दोन वेळा गूळपाणी झालं. आईच्या हुकमावरून दह्याचं मडकं यमूच्याच दुसऱ्या हातात होतं. साकवावर आलो तर खाली नदीत धर्मा, गुडघाभर पाण्यात, पहार घेऊन दगड उपटत होता. महिनाभर रोज सकाळी तो तेच करत होता. कोणी सांगितलं नव्हतं.

यमूने वरून हाक मारली, "धर्मादादा, पुण्याची दाई म्हणते, अशा गोष्टीचा दोष कुठल्याच चाकाला नक्की देता येत नाही."

"दाई म्हनत आसंल, ताई," त्याने मान वर न करता उत्तर दिलं. "पर दगड तर हायेतच ना."

घराच्या उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळायचा, पायांवर पाणी घालायचं, मग लेकीला आत घ्यायचं. यमूच्या आईने आधी फडकं सोडलं. मग भाकरतुकडा ओवाळला.

फाल्गुनात यमूला मुलगी झाली.

आता वैशाख आहे. परवा दोघींना पुण्याला पाठवायचं होतं. मी चालत जायच्या तयारीने काठी घेतली, तर दारात धर्माची गाडी उभी. नदी आटलेली, आणि तिच्यातली वाट सारवल्यासारखी सपाट.

"चालत न्या वाटलं तर," तो म्हणाला. "पर एक डाव मडकं ठिवून बघा, मास्तर."

यमूच्या आईने आतून मडकं आणलं आणि पेंढ्यात ठेवलं. आम्ही सगळे गाडीमागून चालत निघालो, बाळ आजीच्या खांद्यावर. गाडीत एकटं मडकं. धर्मा बैलांशी इतक्या हळू आवाजात बोलत होता की शब्द कळत नव्हते. स्टेशनाबाहेर वडाखाली त्याने गाडी थांबवली, पण फडक्याला हात लावेना.

"सोड की," यमूची आई म्हणाली.

त्याने गाठ सोडली. दही अखंड होतं. तो बघतच राहिला. शेवटी तिने मुलीला यमूकडे दिलं, मडक्यातलं अर्धं दही द्रोणात काढून त्याच्या हातात ठेवलं. "खा आता. नुसतं बघून काय होतंय?" मग यमूकडे वळली. "आणि तू बाळाला घेऊन पुढे बस. स्टेशनात शिरेपर्यंत पंचवीस पावलं आहेत, तेवढी तरी धर्माच्या गाडीतून जा."

ती पंचवीस पावलं यमू बैलगाडीतून गेली.

घरी परतल्यावर रिकामं मडकं धुऊन ओट्यावर पालथं घातलं. मोटारीने जा की आगगाडीने, मला विचारणाऱ्यांना मी आता दोन्हींचे गुणदोष सांगतो, आणि मग विचारतो, उतरल्यावर घरापर्यंत कसे जाणार? बहुतेक जण हसतात. मी हे लिहीत असताना कर्जतला शिट्टी झाली. यमूची आई तांदूळ निवडत खिडकीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं, गाडी निघून जाईपर्यंत ऐकलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.