कापसात शिरलेली कुत्री

धाकटी बहीण नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिची कुत्री आखाडा बाळापूरला आमच्या घरी आली. टेरियर जातीची, पांढरी, एका कानावर तपकिरी डाग, उचलली तर काखेत मावेल एवढी. तिला पाहून बाबा हसतच सुटले.

"हे कुत्रं व्हय? मला वाटलं ससा आणला तुमी."

पण महिन्याभरात घर तिचं झालं. दुधात कुस्करलेली भाकरी आई तिला हातानं भरवायची. शेजारच्या कोंबड्या अंगणात आल्या की ती घरात पळायची, फटाका वाजला की माझ्या ओढणीत तोंड खुपसायची. मी शाळेत शिकवून आले की दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पायांत घोटाळत राहायची. घरात एक लेकरू आहे, असंच आमचं चालायचं.

त्या हिवाळ्यात बाबांनी कापूस विकला नाही. पुढची खोली छताला लागेपर्यंत भरली होती. एका रविवारी दुपारी आम्ही जेवून बसलो होतो आणि ती एकदम उठली. अंग ताठ, कान टवकारलेले. खोलीच्या दाराशी जाऊन तिनं हुंगलं आणि पुढच्या पायांनी कापूस मागे उडवत ती थेट आत घुसली. मी धावले तेव्हा फक्त शेपटी दिसत होती. मग तीही दिसेना. वरचा कापूस हळूच खचला आणि तिनं पाडलेलं भोक बुजून गेलं.

मी हाका मारल्या. आतून काहीच नाही.

"बाबा, गुदमरून मरंल ती!"

एरवी कापसाला पाय लागला तरी ओरडणारे बाबा कवेत मावेल तेवढा कापूस ओढून अंगणात फेकायला लागले. "वर चढू नको, खाली हाय ती," ते मला म्हणाले. आई दारात साचणारा कापूस बाजूला सारत होती.

तेवढ्यात खोलवरून एक चिरका आवाज आला. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग शांतता.

"गेली का काय गं?" आईनं विचारलं.

मी पुढचा कापूस ओढला तो लाल होता. हातातच तो धरून मी किंचाळले. आणि त्याच जागेतून तिचं डोकं बाहेर आलं. जबड्यात घूस होती, जवळपास तिच्या निम्म्या अंगाची. मानेला धरलेली घूस ती डावीकडे, उजवीकडे आपटत होती, घूस मेली तरी आपटतच होती. मी तिला उचलायला वाकले तर ती गुरगुरली. माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

"हात घालू नको!" बाबा ओरडले. "आता तिला कोणीच दिसून न्हाई राहिलं."

घूस टाकून ती पुन्हा आत शिरली. दुसरी घेऊन आली. मग वाटीभर पाणी प्यायली आणि आईच्या पायाशी येऊन आडवी झाली. ओठ फाटला होता. 

ओठाला टाके घालताना जनावरांच्या डॉक्टरांना आमच्या धास्तावलेल्या चेहऱ्यांचंच नवल वाटलं. "ही जातच बिळात शिरून उंदीर-घुशी मारणारी आहे, तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. शेपटी हलत होती, डोळे तेच, मऊ. मी कुरवाळायला हात उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. आईनं मात्र पदर ओला करून तिच्या गळ्यावरचं सुकलेलं रक्त पुसून काढलं. माझा हात तिच्या तोंडाजवळ सहज जायला बरेच दिवस लागले. आजही ती जांभई देते तेव्हा मी तिचे दात बघते.