न वाकणारा अंगठा

फरशीवाल्या मिस्त्रीला स्वतःचा भारी अभिमान, आणि त्याच्या बायकोला त्या अभिमानाची शिसारी. तीस वर्षं चवड्यांवर उकिडवं बसून त्याने लोकांच्या घरात फरशी बसवली, पण दुसऱ्याचं काम त्याच्या नजरेला कधी बरं दिसलं नाही. "ही फरशी बसवलीय की शेत नांगरलंय?" हे ठरलेलं वाक्य. माल कालवायला, धागा धरायला, सांधे भरायला बायको रोज बरोबर. पाहुण्यांसमोर तिची ओळख काय, तर "ही माझी हाताखालची."

उजव्या पायाचा अंगठा दुखायला लागला तेव्हा त्याने आधी चपलेला शिव्या घातल्या, मग हवेला, मग बायकोच्या स्वयंपाकाला. सांध्यावर हाडाचं टेंगूळ आलं. तेलं झाली, लेप झाले. मेहुण्याने आणलेलं तांब्याचं वेढं झालं. त्याने बोट हिरवं पडलं, तेवढाच गुण. अशी दोन वर्षं गेली. मग एका घरात स्वयंपाकघराची फरशी बसवता बसवता तो खाली बसला तो उठेचना. बायकोने आणि घरमालकाने बखोटीला धरून त्याला दवाखान्यात नेलं.

सर्जनबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "सांध्यातली कूर्चा पार झिजलीय, हाडावर हाड घासतंय. दोन्ही हाडं पट्टी आणि स्क्रूने जोडून टाकू. दुखणं जाईल, पण अंगठा तिथे पुन्हा वाकणार नाही."

"मग मी उकिडवा बसू कसा?"

"तसं नाही बसता येणार."

"म्हणजे बरा नाही करायचा, नुसता जाम करायचा! असलं काम मी केलं असतं तर लोकांनी हाकलून दिलं असतं."

"आधी आला असतात तर कदाचित टेंगूळ तासून भागलं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या.

मिस्त्रीने तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या टाइल्सकडे बोट केलं. "सांधे बघा, कसले वाकडे!"

पडलो तरी नाक वर! बायकोला हसूसुद्धा आलं नाही. "सही करा," ती म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. सहा आठवडे टाचेवर भार देणारा बूट घालून तो घरभर हुकूम सोडत हिंडला. तिकडे अर्धवट स्वयंपाकघरासाठी घरमालकाचे निरोपावर निरोप. शेवटी बायकोनेच थापी उचलली. मिस्त्री खुर्ची टाकून समोर बसला.

"तुला जमणार आहे का?"

"तीस वर्षं मी काय डोळे मिटून बसले होते?"

चौथ्या दिवशी फरशी झाली. त्याने कष्टाने वाकून पातळी बघायला चार ठिकाणी पाणसळ ठेवली. चारही वेळा बुडबुडा मधोमध.

"मीच शिकवलं ना," तो म्हणाला. तिने थापी धुवायला घेतली. उत्तर द्यावं एवढी त्या बोलण्याची लायकीच नव्हती.

पुढे त्याचं दुखणं खरंच गेलं. आता तो टेबलापाशी उभा राहून टाइल्स कापून देतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, की बसून करायचं काम आपण आपल्या मर्जीने सोडलं. बायको खाली बसल्या बसल्या ते ऐकते, आणि पुढची टाइल मागते.