सरजाबाईची तेवीस पिल्लं

सरजाबाईने पिल्लांचे कान कापले त्या दिवशी मी भर वस्तीत उभा राहून तिच्यावर ओरडलो. त्याची मला आजही लाज वाटत नाही. तीन वर्षं मी त्याच कानांवर राबलो होतो.

लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. डुकरांची जात सुधारायच्या योजनेत मी पर्यवेक्षक होतो, तोही हंगामी. गावठी माद्यांना पांढरा विलायती नर दाखवायचा आणि पिल्लं झाली की त्यांच्या कानांना खाचा पाडायच्या. उजव्या कानावर आईचा नंबर, डाव्यावर पिल्लाचा. कोण कोणाचं हे पक्कं ठाऊक असेल तरच पुढचा नर निवडता येतो, आणि भावाला बहिणीशी लावायची चूक टळते. पाहुण्यांपुढे मी हे सांगायला लागलो की माझी बायको चहा ठेवायला उठायची.

सरजाबाई डाळमिलमागच्या कैकाडी वस्तीतली. पन्नाशीची, एकटी, तोंडाने फटकळ. तिच्याकडे सहा माद्या आणि योजनेची तेवीस पिल्लं. मिलची चुणी, म्हणजे डाळीचा कोंडाचुरा, मिळायची तोवर तिने ती कुंपणात सांभाळली. दुष्काळात चुणी बंद झाली, तेव्हा चरायला मोकळी सोडणं भाग पडलं. मोकळं सोडायचं तर कानावर घराची खूण हवी, ही वस्तीची रीत. सरजाबाईच्या घराची खूण म्हणजे दोन्ही कान अर्धे साफ! माझे सगळे नंबर मातीत गेले.

"अहो बाई, विचारायचं तरी!"

"काय इचारू? खून नसंल तर पलीकडचा केरबा आपलीच म्हनून हाकून नेईल. तुमचा नंबर त्याला वाचता येतो व्हय?"

आठवड्यात वरून हुकूम आला. ज्या पिल्लांची आई नोंदवहीशी जुळेल त्यांनाच दुष्काळात पेंड मिळणार, बाकीची योजनेतून कमी. मी डोकं धरून बसलो. सरजाबाई म्हणाली, "कान गेले तर गेले. म्या हाय ना. इचारा."

मी चिडून वही उघडली. पिल्लू जन्मलं की आईच्या नावाखाली त्याची थानं मोजून मांडायची आणि अंगावरचे ठिपके लिहायचे, एवढं मी नेमाने केलं होतं. सरजाबाई लांबूनच बोट दाखवून आईचं, म्हणजे आपल्या मादीचं, नाव सांगायची. "ही कावरीची, बारा थानाची. त्यो बिजलीचा." मी उन्हात वाकून थानं मोजायचो आणि त्या मादीच्या पानाशी ताडून बघायचो. बरोबर! पुन्हा बरोबर! दर पिल्लागणिक माझा संताप वाढत होता. एकवीस जुळली.

राहिली दोन. ठिपक्याचा नर, सगळ्यांत वजनदार, आणि त्याची बहीण. वही म्हणत होती कावरीची. ती म्हणत होती बिजलीची.

"दोगी एकाच दुपारी व्याल्या. तुमी घाईत समदी पिल्लं एकाच पाटीत घातली. म्या म्हनले बी तवा."

म्हणाली होती. मी तिला गप बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी योजनेचे मोठे डॉक्टर, जनावरांचे, तपासणीला आले. त्यांनीही एकेक पिल्लू विचारलं आणि त्या दोघांपाशी थांबले. "बाई चुकताहेत की वही, पंचाक्षरी?"

मला कायम करायचा कागद त्यांच्याच सहीसाठी पडून होता. मी वहीचं पान उगाच पुढे-मागे उलटलं. सरजाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"म्याच चुकले, सायब. वय झालं."

आई नक्की नाही म्हणून डॉक्टरांनी त्या दोन नोंदींवर लाल रेघ मारली; ती दोन योजनेतून गेली. एकवीस पक्की झाली.

त्यांची जीप गेली तसा मी तिच्यावर पुन्हा ओरडलो. खरं तर मला स्वतःच्या थोबाडीत मारायची होती. "खोटं कशाला बोललात? वस्तीतल्या माद्यांसाठी तोच नर ठेवायचा होता ना तुम्हाला?"

"व्हता की. पन तुमची वहीच खोटी निगाली असती, तर माज्या एकवीसांना पेंड कुनाच्या नावानं आली असती?"

मी वहीच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसत राहिलो. त्या दोघांना पोसायला तिच्याकडे काहीच नव्हतं. बाजाराची गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी होती. तिने ठिपक्याच्या नराला आडवं पाडलं, गुडघ्याखाली दाबून धरलं आणि माझ्याकडे न बघता दोरीचं टोक पुढे केलं.

"धरा जरा. एकटीनं आवळत न्हाई."

मी वही खाली ठेवली आणि दोरी धरली.